शेखरची सरी

माझ्या डोक्यावर केस उरलेले नाहीत ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांत शेवटी बाबांच्या लक्षात आली, आणि त्यांनी ती बँकेत, भर रांगेत जाहीर केली.

आम्ही गेलो होतो केवायसीसाठी. बाबांचा अंगठा यंत्र घेईना. जन्मभर खुरपं धरून आणि मेथीच्या जुड्या बांधून त्या अंगठ्यावरच्या रेषा कधीच पुसून गेल्या होत्या. यंत्र लाल दिवा दाखवायचं, बाबा अंगठा धोतराला पुसून पुन्हा टेकवायचे, यंत्र पुन्हा लाल. शेवटी काउंटरवरच्या बाई कंटाळल्या. "आजोबा, हे सोबत आलेत ते कोण तुमचे?"

बाबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मले काय माहीत? भला मानूस दिसते. यानंच मले ऑटोत बसवून आनलं."

"मुलगा ना तुमचा?"

"हा?" बाबांनी हात उंच करून माझ्या डोक्यावरून फिरवला. "माह्या शेखरच्या डोक्यात सरी हाय, बाई. मीच पाडतो रोज. याच्या डोक्यात पाहा, काहीच पेरलं नाही."

रांग हसली. हसण्यात मी सगळ्यांच्या पुढे होतो, कारण अशा वेळी न हसणारा माणूस जास्त हास्यास्पद दिसतो. बाई मात्र हसल्या नाहीत. एक म्हातारा खातेदार, त्याला ऑटोत घालून आणणारा एक अनोळखी टकला, आणि रोज वर्तमानपत्रात येणाऱ्या बातम्या. त्यांनी माझं ओळखपत्र मागितलं. त्यावरचा फोटो जुना. तेव्हा कानाजवळचे केस वळवून माथ्यावर नेण्याची माझी पद्धत होती. बाईंनी फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि "फोटो बदलून आणा, मग पाहू," म्हणाल्या. फोटो बदलणाऱ्या केंद्रातला माणूस म्हणाला की जुना चेहरा जुळल्याशिवाय नवा चढत नाही. थोडक्यात, मी शेखर आहे हे सिद्ध करायला मला आधी शेखरसारखं दिसणं भाग होतं.

सरी म्हणजे काय ते सांगायला हवं. सगळं जग ज्याला भांग म्हणतं त्याला आमच्या घरात सरी म्हणतात. गावाकडे आमचं भाजीपाल्याचं वावर. वांगी, मिरची, मेथी, आणि दिवाळीच्या सुमाराला झेंडू. बाबांना आयुष्यात सरळ पाडायची एकच गोष्ट माहीत होती, ती म्हणजे सरी. सकाळी वावरातून आले की ते मला दोन गुडघ्यांत धरायचे, चुळकाभर तेल डोक्यावर ओतायचे, लाकडी फणी पाण्यात बुडवायचे आणि डाव्या भुवईच्या वरून थेट शेंडीच्या जागेपर्यंत एकच रेघ ओढायचे. रेघ वाकडी आली तर सगळं मोडून पुन्हा. "सरी वाकडी गेली का पानी एका आंगाले तुंबते," असं म्हणायचे. माझ्या डोक्यात कोणतं पाणी कुठे तुंबणार होतं हे मी कधी विचारलं नाही.

डॉक्टरांनी सांगितलं की या आजारात माणूस अलीकडून पलीकडे विसरत जातो. आधी काल जातो, मग परवा, मग नातवंडं, मग नोकरीला लागलेली मुलं. बाबा मागे मागे जात माझ्या दहावीच्या आसपास पोचले होते. तिथे माझी बायको रुख्मिणी असायला हरकत नव्हती, तिला ते कसे कोण जाणे नावानं हाक मारायचे, दूधवाला चालायचा, शेजारचे खुशालराव चालायचे. फक्त मी बसत नव्हतो. मी त्यांना आंघोळ घालायचो आणि ते अंग पुसून घेताना मला विचारायचे, "साहेब, आमचा शेखर दिसला काय कुठी?" मी म्हणायचो, "येईल." दुसरं काय म्हणणार.

मला एवढंच हवं होतं की त्यांनी जाण्याआधी एकदा मला माझ्या नावानं हाक मारावी. यात फार मोठं मागणं होतं असं मला अजूनही वाटत नाही.

आता ज्याच्या डोक्यावर केस नाहीत त्यानं केसांचा इतिहास सांगू नये असा नियम कुठे नाही, आणि तो सांगितल्याशिवाय माझी अडचण कळायची नाही. आमच्या आजोबांच्या काळी पोरांचं डोकं सफाचट आणि मागे शेंडी, विषय संपला. बाबांच्या पिढीनं शेंडी सोडली आणि तेल धरलं. मी शाळेत असेपर्यंत डावी सरी हा कायदा होता. उजवी सरी डावखुऱ्या पोरांची किंवा आरशात पाहून चुकलेल्यांची. त्यानंतर कान झाकणारे केस आले आणि कल्ले आले. गावातल्या एका मुलानं कपाळावर केसांचा कोंबडा काढला तर त्याच्या बापानं त्याला जेवू घातलं नाही. मी अमरावतीला कॉलेजात गेलो तेव्हा मधला भांग निघाला होता. बाबांच्या मते मधोमध सरी बायांची, तिथे कुंकू भरतात. म्हणून शनिवारी एसटीच्या खिडकीच्या काचेत पाहून मी मधली सरी मोडायचो आणि डावीकडे नेऊन गावात उतरायचो. काचेतलं डावं म्हणजे आपलं कोणतं, हे गणित मी गाडी धक्के खात असताना सोडवलेलं आहे. पुढे सोल्जर कट आला, जेल लावून काटे उभे करायची साथ आली, आणि आता पोरं दोन्ही बाजू तासून मधे तेवढं गवत ठेवतात. या सगळ्या घडामोडींत माझा सहभाग मधल्या भांगापर्यंतच राहिला. नंतर माझ्याकडे भांग पाडण्यासारखं काही उरलं नाही.

बँकेतली हकिगत मी फक्त रुख्मिणीला सांगितली होती. रात्रीपर्यंत ती सबंध गल्लीला माहीत झाली. खुशालराव वीज मंडळातून निवृत्त झालेले. त्यांना कोणताही बिघाड दिसला की हात शिवशिवतात. ते सकाळीच आले. "शेखरराव, कांद्याचा रस. माह्या साडूचे आले. पार कपाळावर आले."

मी रस लावला. रोज सकाळी मी डोक्यावर कांदा थापून गॅलरीत उन्हात बसायचो आणि येणारे-जाणारे चौकशी करायचे. आमच्या आचलनं मैत्रिणींना घरी आणणं बंद केलं. "पप्पा, आपल्या घराले भज्यांच्या गाडीसारखा वास येऊन राहिला," असं तिचं म्हणणं. केस काही आले नाहीत. पण बाबा खूश झाले. माझ्या जवळ आले की ते नाक वर करून म्हणायचे, "कांदे निंगाले वाटते वावरात." काही दिवस त्यांनी मला कांद्याचा व्यापारी समजून भाव विचारला. मी भाव कमी सांगितला म्हणून रागावले आणि माझ्या हातून जेवले नाहीत. त्या दिवशी मी रस बंद केला.

त्यानंतर चंद्रभान न्हावी. त्याच्याकडे मी वर्षानुवर्षं जातो ते निव्वळ जुन्या ओळखीखातर. त्यानं माझे कानाजवळचे उरलेसुरले केस वाढवायला लावले, मग ते लांबवून, गोंद लावून, माथ्यावरून पलीकडे नेऊन चिकटवले आणि त्यांत फणीच्या टोकानं एक रेघ काढली. आरशात सरी दिसली. मी ऑटोनं घरी निघालो. अमरावतीतल्या राजापेठच्या पुलावर वारं होतं. गोंद एका बाजूनं सुटला आणि तो सगळा पापुद्रा डब्याच्या झाकणासारखा उघडून उजव्या खांद्यावर आला. ऑटोवाल्यानं आरशात पाहून गाडीचा वेग कमी केला, एवढा तो सज्जन होता. घरी पोचलो तर बाबा दारातच. म्हणाले, "साहेब, तुमची टोपी पडून राहिली."

अकोल्याचा पत्ता आचलनं मोबाईलवर शोधला. केस बसवून देणारं दुकान, पहिला मजला, खाली साड्यांचं दुकान. मी बडनेऱ्याहून गाडी पकडली. डब्यात मी एकटाच टकला होतो असं नाही, पण एकटाच बरा होण्यासाठी चाललेला होतो, त्यामुळे बाकीच्यांकडे थोड्या दयेनं पाहिलं.

दुकानात अश्विन नावाचा मुलगा होता. दोन्ही बाजू तासलेल्या, मधे तुरा, आणि तासलेल्या भागात मशीननं कोरलेली एक पांढरी रेघ. "काका, कोणता लूक?"

"सरीचा."

"साडीचं खाली हाय, काका."

"साडी नाही, सरी. भांग. डाव्या बाजूचा."

त्यानं स्वतःच्या डोक्यातली कोरीव रेघ दाखवली. "हे असं?"

"ही सरी नाही," मी म्हटलं. "ही चरी आहे. पाइपलाइन टाकायला खणतात ती."

मग त्यानं मोबाईलवर एकेक मुंडकं दाखवायला सुरुवात केली. मधला भांग, बिनभांग, विस्कटलेले, मुद्दाम विस्कटलेले. डावी सरी, तेल लावून चापून बसवलेली, हा प्रकार कुठेच नव्हता. "असं आता फक्त शाळेच्या गॅदरिंगमधे लागते, काका," तो म्हणाला. मी खिशातून माझा दहावीचा फोटो काढला, नखाएवढा. त्यानं तो मोठा करून पाहिला आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "पन हे तर पोरगं हाय."

"तेच पाहिजे."

"तुमच्या वयाले थोडे पांढरे टाकू. नॅचरल वाटते."

नॅचरल वाटायला मला कोणत्या लग्नाला जायचं नव्हतं. बाबांच्या डोक्यातला शेखर अजून पिकला नव्हता, त्याला मी पांढरे केस कुठून आणू? मी काळेभोर मागितले. ते त्यानं बसवले. आरशात दिसलं ते असं: वर दहावीचा मुलगा, खाली निवृत्तीला टेकलेला कारकून, आणि मधे पिकलेल्या मिशा, दोघांचीही ओळख नसलेल्या. मिशा काढाव्या लागल्या. मग चष्मा विजोड दिसायला लागला, कारण दहावीत मला चष्मा नव्हता. तो खिशात ठेवला. अश्विननं शेवटी बजावलं, "काका, टेपवर बसवलं हाय. डोकं चोळायचं नाही, अन् तेल तर बिलकुल लावू नका. तेलानं टेप सुटते." मी हो म्हटलं. मला त्याचा चेहराही नीट दिसत नव्हता.

परतीच्या गाडीत बडनेरा समजून मी मूर्तिजापूरला उतरलो, कारण चष्म्याशिवाय पाटी वाचता आली नाही, आणि चष्मा लावला तर केसांत काड्या अडकतील ही भीती. पुढच्या गाडीपर्यंत फलाटावर बसलो. एक बाई मला "दादा" म्हणाली. कितीतरी वर्षांनी कोणी मला काका सोडून दुसरं काही म्हणालं होतं, पण आनंद व्हायला पाहिजे तसा झाला नाही. माझं सगळं लक्ष घराकडे होतं.

दार रुख्मिणीनं उघडलं. "कोन पायजे?" असं तिनं विचारलं. मी बोललो तेव्हा ती दाराला धरून उभी राहिली. हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. "अवो, दहावीतल्या पोराले सूज आल्यावानी दिसता तुमी," एवढंच म्हणाली, आणि पदरानं माझ्या कपाळावरचा घाम टिपला. जपून टिपला, वरच्या बाजूला हात न लावता. "आता झोपले हायत बाबा. सकाळी भेटा."

सकाळी बाबा गॅलरीत, दिवाणावर, उन्हाला पाठ करून बसले होते. मी शाळेत जाताना घालायचो तसा पांढरा सदरा घातला होता. पोट सोडलं तर बाकी जमलं होतं. गॅलरीच्या दारात उभा राहिलो आणि सदऱ्याची बटणं पुन्हा एकदा चाचपली. बँकेतल्या बाई, केंद्रातला माणूस, कोणाहीपुढे मी असा उभा राहिलो नव्हतो. बाबांनी ओळखलं नाही तर आता काढून दाखवायला माझ्याजवळ दुसरं काही उरलेलं नव्हतं.

बाबांनी मान वर केली. बराच वेळ पाहत राहिले.

"शेखर," ते म्हणाले. "आला काय रे? लय उशीर केला."

मी त्यांच्या पायाशी जाऊन खाली बसलो. मागे रुख्मिणी दारात उभी होती, तिच्या बांगड्यांचा आवाज आला आणि थांबला.

"डोक्शाचं काय करून ठेवलं हे," बाबा म्हणाले. "सरी पार बुजून गेली. रुख्मिणी, तेलाची शिशी आन वं."

रुख्मिणीनं माझ्याकडे पाहिलं. टेपचं तिला ठाऊक होतं. नाही म्हणता आलं असतं. शाळेला उशीर होतो म्हणता आलं असतं, लहानपणी तेच म्हणायचो. पण मी मानेनंच "आण" म्हटलं. बाबांनी मला दोन गुडघ्यांत धरलं, चुळकाभर तेल ओतलं आणि त्यांची ती रेषा पुसलेली बोटं डोक्यावर फिरायला लागली. मला जाणवत काहीच नव्हतं, मधे अकोल्याचे केस होते. तरी मी डोळे मिटून घेतले.

"मी तुले बोलत नाही," बाबा फणी फिरवत सांगायला लागले. "शिकाले गेलं का पोरगं अडकते. पन तू नव्हता तेवा इथं एक मानूस येत जाय. अजून येते. टकला हाय. माह्यी आंगोय करून देते, नखं कापते, गोया देते. मी एकदा त्याच्या आंगावर वकलो, तरी काही बोलला नाही. पुसून घेतलं. आपल्या नात्यातला नाही, गोत्यातला नाही."

"नाव काय त्याचं?" मी विचारलं.

"विचारलंच नाही रे," बाबा हळू आवाजात म्हणाले. "आता इतके दिवस झाले. आता नाव विचाराले लाज वाटते."

मी मान खाली घातली, आणि तेवढ्यानं टेप सुटली. केस आधी कपाळावर आले, मग बाबांच्या मांडीवर पडले. तेलानं निथळलेले, सरी जागच्या जागी, अगदी सरळ. मी वर पाहायला घाबरत होतो. म्हाताऱ्या माणसाच्या हातात मुलाचं डोकं सुटून आलं तर त्याचं काय होईल, याचा विचार अश्विननं केला नव्हता आणि मीही केला नव्हता.

बाबांनी मांडीवरच्या केसांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"अरे वा. या साहेब, या. तुमचंच नाव काढलं आता." त्यांनी मला हाताला धरून जवळ बसवलं आणि दुसऱ्या हातानं ते केस अलगद उचलून माझ्यापुढे धरले. "हा माहा शेखर. आला पाहा शेवटी."

मी म्हटलं, "हो. छान मुलगा आहे."

"चांगला हाय. पन अक्कल नाही त्याले अजून." मग ते केसांकडे वळून दरडावून म्हणाले, "शेखर, पाहतो काय नुसता? यांच्या पाया पड."

रुख्मिणी तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली. बाबा वाट पाहत होते. मी त्यांच्या हातातून केस घेतले, डोक्यावर ठेवले, एका हातानं धरून ठेवले, आणि उभा राहून खाली वाकलो. पोट आडवं येत होतं. तेल कानामागून मानेवर उतरत होतं. मी दुसरा हात कसाबसा पुरवत माझ्याच पायांना टेकवला, एकदा उजव्या, एकदा डाव्या. सरळ झालो तेव्हा मला रडू येत होतं आणि ते नक्की कोणाचं, हे मला सांगता आलं नसतं.

"हां," बाबा म्हणाले. त्यांचं समाधान झालं होतं. उशीला टेकून त्यांनी पाय लांब केले. "रुख्मिणी, जेवाले वाढ वं आता. दोघायलेही वाढ. साहेबाले आधी."

रुख्मिणीनं दोन ताटं आणली आणि बाबांच्या समोर शेजारीशेजारी मांडली. वांग्याची भाजी होती, ज्वारीची भाकर होती. बाबांची नजर दोन्ही ताटांवर होती. मी केस काढून बाजूला ठेवले आणि पहिल्या ताटावर बसून ते संपवलं. मग उठून हात धुतला, केस डोक्यावर ठेवले, आणि दुसऱ्या ताटावर बसलो.